परदेशात बसून काम करायचंय? आधी पूर्व की पश्चिम ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात राहणारं जोडपं. नवरा पुण्याच्या कंपनीत, पण २०२० पासून घरूनच काम, क्लायंट बोस्टनचा. बायको लंडनच्या एका फर्मचं बुककीपिंग करते, तेही घरूनच. दोघांना पाच-सहा महिने परदेशात राहून हेच काम चालू ठेवायचं आहे. यादीत बाली, थायलंड, दुबई, जॉर्जिया, मॉरिशस आणि पोर्तुगाल. आणि शेवटी विचारलंय, "यातला भारताच्या वेळेला सगळ्यात जवळचा देश कोणता?"

कोण कुठल्या देशात बसून किती वाजता कॉलवर येऊ शकेल हे ठरवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. टीम चार देशांत विखुरलेली, मी सोलापुरातच होटगी रोडवरच्या घरात. त्या अनुभवावरून सांगते, भारताच्या वेळेला जवळचा देश शोधून तुम्हाला काहीच मिळणार नाही. भारताच्या वेळेला सगळ्यात जवळचा देश श्रीलंका. आपलं आणि त्यांचं घड्याळ एकच आहे. म्हणजे तिथे जाऊन नवरा पुन्हा रात्री साडेअकरापर्यंत हेडफोन लावून बसणार, फक्त खिडकीबाहेर समुद्र असेल. तुमचं काम भारताच्या वेळेवर चालतच नाही. ते बोस्टन आणि लंडनच्या वेळेवर चालतं. मग मोजायचं ते तिथून.

मोजताना आठ तास धरू नका. खरं विचाराल तर आठातले चार तासच बांधलेले असतात: स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, क्लायंटचे कॉल, कोणी अडलं तर लगेच उत्तर द्यायची वेळ. बाकीचं काम पुढेमागे करता येतं. बोस्टनच्या क्लायंटला सहसा त्यांच्या सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात माणूस समोर लागतो. त्यांच्या उन्हाळ्यात हे तास सोलापुरात संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा येतात, हिवाळ्यात साडेसात ते साडेअकरा.

आता हेच तास बालीत नेऊन बघा. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सोलापुरात साडेसहाला सुरू होणारा कॉल तिथे रात्री नऊला सुरू होतो आणि एकला संपतो. हिवाळ्यात दहा ते दोन. थायलंड दीड तास पुढे, म्हणजे आठ ते बारा आणि हिवाळ्यात नऊ ते एक. फोटोत सगळे बालीच्या भातखाचरांसमोर लॅपटॉप उघडून बसलेले दिसतात. त्यातले पुष्कळ ऑस्ट्रेलियाच्या किंवा सिंगापूरच्या वेळेवर काम करणारे असतात, नाहीतर स्वतःचाच धंदा असलेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी काम करणाऱ्यानं पूर्वेला जाणं म्हणजे आहे ती रात्रपाळी आणखी लांबवणं.

पश्चिमेला गेलात की चित्र उलटतं. दुबई, जॉर्जिया आणि मॉरिशस हे तिन्ही आपल्यापेक्षा दीड तास मागे, तिन्हींची वेळ एकच. बोस्टनचे ते चार तास तिथे संध्याकाळी पाच ते नऊ येतात आणि हिवाळ्यात सहा ते दहा. पोर्तुगालमध्ये तर दुपारी दोन ते सहा, आणि तेही जवळजवळ वर्षभर, कारण पोर्तुगालचं घड्याळ लंडनसारखंच पुढेमागे होतं. दीड तास ऐकायला किरकोळ वाटतो. पण साडेदहाला लॅपटॉप मिटणं आणि नऊला मिटणं यात शांतपणे जेवण होतं की नाही, एवढा फरक आहे.

ताईंचं लंडनचं काम वेगळं मोजायला हवं, कारण हिशेबाच्या कामात समोरचा दिवसभर अधूनमधून काहीतरी विचारत असतो. त्यांना लंडनचे ९ ते ५ पूर्ण धरावे लागतील. सोलापुरात ते उन्हाळ्यात दीड ते साडेनऊ, हिवाळ्यात अडीच ते साडेदहा. दीड तास मागच्या देशांत बारा ते आठ, हिवाळ्यात एक ते नऊ. बालीत चार ते बारा, हिवाळ्यात पाच ते एक. म्हणजे दोघांच्या कामाची दिशा एकच आहे, पश्चिम. हे नशीबच म्हणायचं. एकाचा क्लायंट बोस्टनला आणि दुसऱ्याचा सिडनीला असता तर मी तुम्हाला सोलापुरातच राहा म्हटलं असतं.

पण एक अडचण इथेच लक्षात घ्या. संध्याकाळी पाच ते आठ तुम्ही दोघं एकाच वेळी कॉलवर असणार. सोलापुरात वरची खोली-खालची खोली असं भागत असेल. परदेशात ऑनलाइन दिसणारी छान छान घरं बहुतेक एका खोलीची असतात. दार लावता येईल अशा दोन खोल्या, ही अट घर शोधताना सगळ्यात वर ठेवा, स्विमिंग पूल नंतर. आणि इंटरनेटचा वेग घरमालकाकडून मागवाल तो तुमच्या कामाच्या वेळेतला मागवा. सकाळी अकराला मोजलेला वेग संध्याकाळी सातला उपयोगाचा नाही, कारण तेव्हा सगळी इमारत सिरियल बघत असते.

घड्याळं पुढेमागे होण्याचं जरा नीट सांगते, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. भारत, दुबई, जॉर्जिया आणि मॉरिशस यांची घड्याळं हलत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे असे येतात की नवऱ्याचे कॉल तासभर अलीकडे आलेले असतात आणि ताईंचे आहेत तिथेच. ऑक्टोबरअखेरच्या एका आठवड्यात पुन्हा दोघांचं वेगवेगळं. उपाय सोपा आहे. कॅलेंडरमधली मीटिंग क्लायंटच्या शहराच्या नावानं बांधा: बोस्टन सकाळी साडेनऊ. आयएसटी असं संक्षेपात लिहू नका. त्याच तीन अक्षरांवर इस्रायल आणि आयर्लंडही हक्क सांगतात, आणि डब्लिनचा माणूस मीटिंगमध्ये असेल तर तो प्रामाणिकपणे चुकीच्या वेळी हजर होतो.

आता दिशा ठरली. पुढचा निर्णय घड्याळ घेत नाही, व्हिसा घेतो. टूरिस्ट व्हिसावर गुपचूप काम करणारे पुष्कळ आहेत, मला माहीत आहे. पण तुम्ही पगारी नोकरीत आहात, कंपनीच्या लॅपटॉपवरून लॉगिन करणार आहात. म्हणजे तुम्ही कुठे आहात हे लपत नाही. दूरस्थ कामाला रीतसर परवानगी देणारा व्हिसाच बघा.

पोर्तुगालचा असा व्हिसा २०२२ पासून आहे. अट अशी की महिन्याचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२५ चा हिशेब ३,४८० युरोंचा होता, आपले साडेतीन लाखांच्या आसपास. कागदपत्रं ढीगभर, वेळ बराच. वर्ष-दोन वर्षं राहायचं असेल तर जरूर करा. पाच महिन्यांसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही, वेळ कितीही सुंदर जुळत असली तरी.

दुबईचा दूरस्थ कामाचा व्हिसा एक वर्षाचा, अट महिना ३,५०० डॉलरची. हीसुद्धा तीन लाखांच्या वर जाते. पुण्याच्या पगारात हे बसणारे लोक आहेत, पण मग भाड्याचा आकडा ऐकूनही शांत राहता आलं पाहिजे. शिवाय जून ते सप्टेंबर तिथला उन्हाळा. सोलापूरच्या ४३ अंशांतून सुटका म्हणून निघायचं आणि दुबईत उतरायचं, यात काही अर्थ नाही. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: तिथे व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही, मेसेज फक्त जातात. ऑफिसच्या मीटिंगची झूम, टीम्स वगैरे ॲप चालतात. आईला रोज रात्री व्हिडिओ कॉल करायची सवय असेल तर तिच्या फोनमध्ये आधी दुसरं ॲप टाकून, शिकवून मग निघा.

जॉर्जियाचं नाव गेल्या काही वर्षांत फार झालं, कारण राहणं स्वस्त आणि तिबिलिसी देखणं. पण २०२० मध्ये त्यांनी दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी जी योजना काढली, तिच्या देशांच्या यादीत भारत नव्हता. आपल्याला ई-व्हिसा काढून जावं लागतं, आणि तो पर्यटनाचा. दोन-तीन आठवडे फिरायला जा. पाच महिन्यांच्या कामाचा बेत त्यावर रचू नका.

राहिलं मॉरिशस, आणि तुमच्यासाठी माझं उत्तर तेच आहे. त्यांचा प्रीमियम व्हिसा २०२० मध्ये सुरू झाला. मुदत एक वर्ष, वाढवता येते, अर्जाला फी नाही. अट महिना १,५०० डॉलर उत्पन्नाची, म्हणजे सव्वा लाखाच्या थोडं वर. पगार मॉरिशसबाहेरून येणारा हवा आणि तिथली नोकरी धरायची नाही. प्रवास आणि आरोग्याचा विमा लागतो. मुंबईहून थेट विमान आहे. इंग्रजी चालतं, बाजारात क्रिओल ही तिथली बोली आणि फ्रेंच ऐकू येईल. यूपीआय तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण सगळ्या दुकानांत चालेल असं धरू नका. तिथे मराठी माणसंही आहेत, एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्यांचे वंशज. शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आपल्यासारखं मराठी बोलणारे सगळीकडे भेटतील अशी अपेक्षा मात्र नको. घरात क्रिओलच बोलली जाते.

राहायला किनाऱ्यावरच हवं असा हट्ट नसेल तर रोझ हिल किंवा कात्र बोर्नच्या बाजूला घर बघा. पोर्ट लुईसहून क्युरपिपला जाणारी मेट्रो याच गावांतून जाते. ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोनं. आयटी कंपन्यांची वस्ती असलेलं एबेनही शेजारीच आहे, त्यामुळे त्या पट्ट्यात इंटरनेटची काळजी कमी. क्युरपिप उंचावर, जून-जुलैत तिथे पाऊस, धुकं आणि बऱ्यापैकी गारठा, सोलापूरच्या माणसाला स्वेटर लागेल इतका. समुद्रच हवा असेल तर पश्चिमेचा फ्लिक अँ फ्लाक किंवा उत्तरेचा ग्राँ बे. पूर्व किनाऱ्यावर त्या महिन्यांत वारा फार. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पिनांचे; अडॅप्टर इथूनच न्या.

कधी जायचं? मे सोलापुरात काढा आणि जूनच्या सुरुवातीला निघा. तिकडे तेव्हा हिवाळा, कोरडा आणि सुखाचा. वादळांचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा, तो टळतो. शिवाय हे महिने बोस्टन आणि लंडनच्या उन्हाळी वेळेचे, म्हणजे तुमचे कॉल लवकरच्या वेळेत. ऑक्टोबरच्या शेवटी परत आलात तर घड्याळांचा तो विचित्र आठवडाही बहुतेक चुकेल.

सहाऐवजी पाच महिने म्हणते त्यामागे कराचंही कारण आहे. आपला हिशेब एप्रिल ते मार्च. या काळात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असलात की तुम्ही इथले निवासी आणि कर नेहमीसारखा इथेच. १ जून ते ३० नोव्हेंबर हे मोजा: १८३ दिवस होतात. म्हणजे पूर्ण सहा महिने राहिलात तर काठावर येता आणि मग विमानाची तारीख, बाहेर गेल्याचं कारण, मागच्या वर्षांचे दिवस असे बारीक मुद्दे निघतात. मॉरिशसचं करवर्ष १ जुलैला सुरू होतं आणि तिथले निवासी ठरण्याची मुख्य रेषा १८३ दिवसांची आहे; जून ते ऑक्टोबरचा मुक्काम दोन करवर्षांत विभागला जातो आणि तुम्ही त्या रेषेपासून लांब राहता. थायलंडमध्ये रेषा १८० दिवसांची आणि मोजणी जानेवारी ते डिसेंबर. देशागणिक हे बदलतं, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी नवी पेठेतल्या तुमच्या सीएंना एकदा दाखवा. दुबईत आयकर नाही, म्हणून तिथे पाच महिने बसून आपलाही वाचेल असा सल्ला कोणी दिला तर तोही त्यांनाच विचारा.

आता सगळ्यात कोरडं पण सगळ्यात आधी करायचं काम: परवानगी. नवऱ्यानं एचआरला मेल टाकण्याआधी आपल्या मॅनेजरला एकच विचारावं, बोस्टनच्या क्लायंटबरोबरच्या करारात कामाचं ठिकाण लिहिलंय का? अमेरिकन कंपन्यांच्या पुष्कळ करारांत डेटा फक्त भारतातल्या ठरलेल्या ठिकाणांहून उघडायचा असं कलम असतं. तसं असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट, परदेशातून लॉगिनच घेणार नाही, आणि घेतलं तरी सुरक्षा विभागाचा फोन येईल. असं कलम असेल तर एचआरशी वाद घालून उपयोग नसतो. त्यांच्या हातात ते नाहीच. कलम नसेल तर परवानगी लेखी घ्या, देशाचं नाव आणि तारखांसकट. ताईंनीही लंडनच्या फर्मकडून तसंच घ्यावं. त्यांच्याकडे लोकांची बँक स्टेटमेंटं आणि पगाराचे आकडे असतात, त्यामुळे तिकडचा प्रश्न असेल तो डेटा कुठल्या देशातून बघितला जातोय हा. व्हिसाच्या अर्जातही हीच पत्रं उपयोगी पडतात.

कागदांचं सोलापुरी दुखणं वेगळंच. इकडे आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि डिग्रीवर वडिलांचं नाव मध्ये. आपल्या तेलुगू घरांत तर घराण्याचं नाव नुसतं एका अक्षरावर येतं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. महापालिकेचा दाखला मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. पासपोर्टचं काम सोलापुरातल्या पोस्टातल्या केंद्रात होतं, बाकी व्हिसाच्या कामासाठी मुंबई-पुणे गाठावं लागू शकतं. हे सगळं निघायच्या तीन महिने आधी सुरू करा. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू ठेवून त्यावर रोमिंग सुरू करून घ्या. ते इथेच करा, तिथे गेल्यावर कस्टमर केअरशी झुंजत बसू नका.

एकदम पाच महिन्यांची उडी नको वाटत असेल तर आधी पंधरा दिवस नेपाळात काढा. १९५० च्या मैत्री करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, आपला एक रुपया त्यांच्या १.६० रुपयांना बांधलेला आहे, आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त १५ मिनिटं पुढे. वेळेचा फायदा शून्य. पण पोखरात बसून व्हीपीएन चालतो का, ओटीपी येतो का, क्लायंट कुरकुरतो का आणि एका घरात दोघांचे कॉल झेपतात का, हे सगळं स्वस्तात कळतं. गोव्याला जाऊन यातलं निम्मंसुद्धा कळणार नाही, कारण व्हीपीएनच्या लेखी तुम्ही भारतातच असता.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. तुमची टीम पुण्यातच असेल आणि तुम्हीही दहा ते सात काम करत असाल तर दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. थायलंडमध्ये तेच काम साडेअकरा ते साडेआठ होतं आणि सकाळ हाती येते. मॉरिशसला साडेआठ ते साडेपाच, मग संध्याकाळ हाती येते. थायलंडचा डीटीव्ही हा व्हिसा जुलै २०२४ पासून आहे: पाच वर्षांचा, एका फेरीत १८० दिवस, खात्यात पाच लाख बात दाखवावे लागतात, म्हणजे तेरा-चौदा लाखांच्या घरात. मलेशियाचा डीई रांताऊ हा दूरस्थ कामाचा पास आयटीवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्नावर मिळतो, इतरांना अट बरीच वर आहे. बालीसाठीचा वर्षाचा व्हिसा ६०,००० डॉलर मागतो. आणि बालीला गेलातच तर मार्चमधला न्येपी, म्हणजे तिथला मौनाचा सण, कॅलेंडरवर आधी खुणावून ठेवा. त्या दिवशी विमानतळासकट सगळं बेट बंद असतं आणि मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद करतात. त्या तारखेला सॉफ्टवेअरचं रिलीज ठेवणारी माणसं असतात.

सिडनीवाल्यांनी पूर्वच धरावी. तिथले सकाळचे नऊ म्हणजे सोलापुरात पहाटेचे साडेचार, त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन. मलेशियात मात्र सात किंवा सहा. कॅलिफोर्नियावाल्यांचं गणित गमतीचं आहे. त्यांच्या सकाळच्या मागे लागलात तर दुबईतही रात्रीचे आठ-नऊ वाजतात. त्याऐवजी क्लायंटकडून त्यांची दुपार मागून घ्या. तिथले तीन ते पाच मलेशियात दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते आठ होतात, हिवाळ्यात सात ते नऊ. चहाबरोबर मीटिंग उरकते आणि रात्री झोप मिळते. क्लायंट याला नकार देतील अशी भीती लोकांना उगाच वाटते. विचारून बघा, दुपारी तीनला त्यांनाही विशेष काही सुचत नसतं.

तुमच्या बाबतीत मात्र क्रम असा ठेवा: या आठवड्यात कराराचं कलम, मग लेखी परवानगी, मग मॉरिशसचा अर्ज. मंजुरी हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका आणि इथल्या घराचा भाडेकरारही मोडू नका.